गहाळ पानावरचं मरण

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पाकीट बघून तू आधी अक्षर ओळखायचा प्रयत्न करशील आणि मग कुणी गेलं की काय म्हणून घाबरशील. कुणी गेलेलं नाही. मी आहे, तुझ्या भावाची मुलगी, तुझ्या भाषेत बुटकी. फोनच करणार होते, पण वहिनी, म्हणजे तुझी सून, म्हणाली की फोनवर तुला हल्ली काही धड ऐकू येत नाही, तू नुसतं ‘हो हो’ करून ठेवून देतेस. म्हणून हा खटाटोप.

आपली नाटक मंडळी ते जुनं नाटक पुन्हा करताहेत. तू सोडून गेल्यापासून आठ वर्षं कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. दिग्दर्शन बाबांचंच, दूताचं कामही तेच करणार. आणि राणी कोण, तर मी. हसू नकोस. मीही पहिले दोन दिवस हसतच होते.

मला सगळे नियम नव्याने शिकवण्यात आले, जणू मी विंगेत लहानाची मोठी झालेच नाही. नाटकाच्या एकुलत्या एका जुन्या प्रतीत नेमकं तेच पान गहाळ आहे, ज्यात दूत येऊन राजा कसा मेला ते राणीला सांगतो. म्हणून दर वेळी दूताचं भाषण बाबांनी नव्याने लिहायचं. राणीने ते पहिल्यांदा ऐकायचं ते थेट प्रयोगात, प्रेक्षकांसोबत. तालमीत दूत त्या जागी नुसता उभा राहतो. राणीला सोसवेनासं झालं की तिने हात वर करायचा आणि दूताने असेल तिथे थांबायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. हा नियम म्हणे तूच घालून दिलास.

आत्या, मला बोलता येतं, रडताही येतं. पण नुसतं ऐकायचं कसं? लोक अजून सांगतात की तू ऐकायला लागलीस की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खोकायचा थांबायचा. काय करायचीस तू? मला सांग. बाबांना मी लिहिल्याचं माहीत नाही. आणि तू त्या शेवटच्या प्रयोगानंतर परत का आली नाहीस हे मला माहीत नाही. विचारलं की जो तो चहाचं बघायला उठतो.

तुझी
बुटकी


१८ नोव्हेंबर

बुटके,

आठ वर्षांनी आठवण झाली आणि तीही कामापुरती. असो, तुझी लबाडी निदान सरळ असते, तुझ्या बापासारखी आडवळणाची नसते.

तुझी वहिनी खरं बोलली. उजवा कान गेला, डावा मनात आलं तर काम करतो. ऐकण्याबद्दल सल्ला विचारायला चांगली बाई शोधलीस.

आता नीट वाच. राणी बुटकी असली तरी चालते. मान ताणून उंच व्हायला जाऊ नकोस, मग राणी दिसत नाही, रांगेत मागे अडकलेली बाई दिसते. दूत आला की त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, त्याच्या पायांकडे बघ. वाईट बातमी आणलेल्या माणसाला पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही. ते तुला दिसलं की तुला कळलं, बातमी नंतर आली तरी चालेल. रडायचं अजिबात नाही. तू रडलीस की लोक सुटले, ते तुझ्याबरोबर रडून मोकळे होतात आणि घरी जातात.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. ज्याने हे नाटक लिहिलं त्याला राजाचं मरण स्टेजवर दाखवता आलं असतं. तलवार, लाल रंग, धाडकन पडणं, काय अवघड आहे त्यात? त्याने ते दाराआड ठेवलं. मरणारा मरून मोकळा होतो, पुढचं सगळं ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं. हे त्याला ठाऊक होतं. तुझ्या वडिलांचं आणि माझं याच्यावरून नेहमी वाजायचं. तो म्हणायचा दार उघडूया, लोकांना दिसू दे. मी म्हणायचे, दिसलं की विसरतात.

मी का सोडलं ते तुला कशाला हवं? तू तुझं काम बघ. त्याला माझा नमस्कार बिमस्कार सांगायची गरज नाही.

तो अजून दूत स्वतःच करतो? त्या भाषणाला दम लागतो. या वयात झेपतं का त्याला? सहज विचारते.

आत्या


४ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरत असतात तेवढ्यात काढून वाचते. रांगेतल्या बाईवर इतकी हसले की बाहेर सुईला घाबरून बसलेला माणूस आणखी घाबरला.

तालमी अजून त्या लाँड्रीवरच्या हॉलमध्येच होतात. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे राजवाडा कायम ओलसर. दारावरचा पहारेकरी म्हणजे बँकेतला कॅशिअर, तो भाला धरून उभ्या उभ्या झोपतो. आणि रोज साडेसातच्या सुमाराला बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहतात. एक शब्द बोलत नाहीत. मी पायांकडे बघते. पहिल्या आठवड्यात मला फक्त त्यांच्या मोज्याचं भोक दिसलं. आता दुसरंही दिसायला लागलंय. ते एक पाय पुढे टाकतात, मग मागे घेतात, मग दोन्ही जुळवतात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. हे ते ठरवून करतात की आपोआप होतं ते कळत नाही. उभं राहून झालं की खुर्चीवर बसतात आणि बराच वेळ उठत नाहीत.

इकडे थंडी फार आहे यंदा. वजनकाट्यांचं दुकान बाबांनी जवळजवळ भागीदाराच्या हवाली केलंय. म्हणतात, थंडीत बोटं चालत नाहीत.

तू नको म्हणालीस तरी मी रंगवाल्याला विचारलंच. तो म्हणाला, “त्या रात्री राणीने हात फार लवकर वर केला.” एवढं बोलून दाढी चिकटवायचा डिंक शोधायला गेला. डिंक त्याच्या हातातच होता.

त्या रात्री दूत काय म्हणाला, आत्या? ज्या जागी तू उभी होतीस तिथे मला उभं राहायचंय. मला माहीत असायला हवं.

तुझी
बुटकी


१३ डिसेंबर

बुटके,

दोन दिवस पत्र लिहून फाडतेय. आज जे निघेल ते पाठवते.

तुझी आजी गेली तेव्हा तू शाळेत होतीस. मी दौऱ्यावर होते, हेच नाटक. आईला बरं नव्हतं म्हणून धाकटा, म्हणजे तुझा बाप, तिच्यापाशी राहिला आणि दूताचं काम दुसऱ्याने केलं. संध्याकाळी मी स्टेजवर राणी होऊन बातमी ऐकत होते आणि त्याच संध्याकाळी इकडे आई गेली. मला निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी सकाळी. आले तोवर सगळं आटोपलं होतं. खाटेवर नवी चादर घातलेली होती.

मी त्याला विचारलं, कशी गेली? तो म्हणाला, शांतपणे. काय बोलली? काही नाही. मला का नाही बोलावलंस? त्यावर तो खाटेची चादर नीट करत राहिला. मी पुढची कितीतरी वर्षं त्याला विचारत राहिले. जेवताना, तालमीत, रस्त्याने चालताना. दर वेळी तोच एक शब्द, शांतपणे. त्या शब्दाची मला शिसारी आली.

आणि मग ती रात्र. नाट्यगृह भरलेलं. दूत आला, म्हणजे तो आला, आणि राजाचं मरण सांगायला लागला. पहिली दोन वाक्यं मी राणी होते. मग तो म्हणाला, राजाने खिडकी उघडायला सांगितली, पण वारा नको म्हणाला, फक्त आवाज येऊ दे रस्त्याचा. असं राजे बोलत नाहीत. अशी आई बोलायची. मग त्याने सांगितलं की राजाने चष्मा मागितला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, आता बघण्यासारखं काही नाही, पण असू दे. मग म्हणाला, राजाने विचारलं, ती कुठवर आली असेल?

मी हात वर केला. त्याने नियम पाळला, तिथेच थांबला. मी उरलेलं नाटक केलं, टाळ्या घेतल्या, मुकुट खिळ्याला अडकवला आणि मागच्या दाराने निघाले. पुढच्याच महिन्यात मुलाकडे राहायला आले.

इतकी वर्षं मी हात पसरून मागत होते आणि याने एक शब्द दिला नाही. आणि दिलं ते कुठे, तर भरल्या नाट्यगृहात. आई वाट बघत होती आणि मी गेले नाही, हे मला त्याने चारशे लोकांसमोर सांगितलं. घरात सांगितलं असतं तर मी त्याच्या गळ्यात पडून रडले असते. लोकांना ते माझं सगळ्यांत चांगलं काम वाटलं. पेपरात आलं होतं तसं.

मिळालं तुला हवं होतं ते?

आता माझा प्रश्न. तुझ्या वडिलांबद्दल विचारलं की तू हवामान लिहितेस. आमच्याकडे तशीच थंडी आहे, आणि माझी बोटं चालतात. त्याला काय झालंय?

आत्या


२१ डिसेंबर

प्रिय आत्या,

बाबांना रक्ताचा आजार आहे. बरा होणारा नाही. डॉक्टर म्हणतात उन्हाळा बघतील की नाही सांगता येत नाही.

हे मला कुणी आपणहून सांगितलेलं नाही. त्यांचे डॉक्टरमित्र आहेत ना, त्यांनी बाबांचं रक्त खोट्या नावाने आमच्याच लॅबमध्ये पाठवलं, मला कळू नये म्हणून. नाव खोटं, पण जन्मतारीख खरी आणि पत्ता आमच्या घराचा. बाबांना लपवता येत नाही, डॉक्टरांना त्याहून येत नाही. त्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली मीच लावली होती. पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी. रिपोर्टवर सही माझी. मग मी डॉक्टरांना गाठलं आणि त्यांनी सगळं ओकलं, पण बाबांना सांगायचं नाही अशी गळ घालून. तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात नाटक करतोय. ते गोळ्या कपाटात पुस्तकांमागे लपवतात, मी ते कपाट पुसायचं टाळते.

तुझं पत्र वाचल्यावर मला थंडी वाजायला लागली, आणि ती हवेतली नव्हे. बाबा रोज दुपारी दार लावून दूताचं भाषण लिहितात. आत्या, ते काय लिहीत असतील ते मला कळलंय. जे तोंडावर सांगता येत नाही ते ते स्टेजवर सांगतात. तुला आजीचं सांगितलं, मला स्वतःचं सांगणार. मी मुकुट घालून उभी असेन, समोर सगळं गाव, आणि माझे वडील मला सांगतील की ते मरणार आहेत. मला हे नको. मला ते ऐकता येणार नाही, आणि राणीला पळून जाता येत नाही.

काल धीर करून मी त्यांना तुझ्या त्या रात्रीबद्दल विचारलं. आपला पत्रव्यवहार सांगावा लागला. रागावतील असं वाटलं होतं. ते पितळेचं एक पारडं पुसत बसले होते, ते खाली ठेवलं आणि म्हणाले, “मी तिच्याकडे तीनदा गेलो होतो सांगायला. एकदा तर मिठाईचा डबा घेऊन. चहा प्यायलो, तिच्या नळाची गळती बघितली, परत आलो. तिच्यासमोर तोंड उघडलं की मला आईच दिसायची. दूताचे कपडे घातले की जरा जमेल असं वाटलं.”

मी म्हटलं, पण लोकांसमोर? ते म्हणाले, “लोक कुठे होते? ते राजाचं ऐकत होते. आईचं ऐकणारी ती एकटीच.”

आणि मग जे म्हणाले ते तुला सांगायलाच हवं. म्हणाले, “शेवट राहून गेला. तिने हात वर केला. पुढे तीन-चार वाक्यं होती, आईने तिच्यासाठी सांगितलेली. त्यासाठीच तर सगळं लिहिलं होतं. ती निघून गेली तेव्हा मला वाटलं, तिला पुढचं ऐकायचंच नाही. हात तिचा, नियम तिचा.”

ती वाक्यं मला सांगा म्हटलं, तर म्हणाले, ते तुझं नाही, तिचं आहे.

मी काय करू?

तुझी
बुटकी


२६ डिसेंबर

बुटके,

वाचलं. चारदा वाचलं. पुढे वाक्यं होती हे आठ वर्षं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही. दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी जेवणाआधी त्याच्यासमोर बसून सांग, बाबा, मला सगळं माहीत आहे. सुरुवात बिरुवात शोधू नकोस, नाहीतर तूही नळाची गळती बघून उठशील. तू आधी सांगितलंस की त्याला सांगायचं काही उरत नाही. मग स्टेजवर तो राजाबद्दलच बोलेल.

मुलगा मला पुढच्या आठवड्यात गाडीने आणून सोडतोय. खुबा दुखतो तर दुखू दे. त्याला सांगून ठेव, म्हणजे पळून जाणार नाही.

आत्या


१९ जानेवारी

बुटके,

परत मुलाकडे सुखरूप पोचले. खुब्याने मात्र सूड घेतला, आल्यापासून पाठ टेकून पडले आहे. डॉक्टरांनी दोन-तीन महिने प्रवासाला सक्त मनाई केली आहे. वहिनी मला जिन्यावरसुद्धा फिरकू देत नाही.

तुला एक सांगायचं आहे आणि लाजही वाटते आहे. या वयात लाज वाटायला नको, पण वाटते.

तुझा बाप इतका वाळला असेल असं मला वाटलं नव्हतं. शर्टात माणूस आहे की शर्ट नुसता खुर्चीवर टाकलाय असं झालं दारातून बघताना. मी मनात काय काय ठरवून आले होते. प्रत्यक्षात म्हटलं, “दाढी कर की रे.” तो म्हणाला, “तू येणार म्हणून केली होती, परवा.” मग आम्ही दोघं हसलो. मग तू शहाण्यासारखी दार ओढून स्वयंपाकघरात गेलीस.

मी त्याला डाव्या कानाशी बसवलं. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, खिडकी, चष्मा, सगळं. या वेळी राजा नव्हता, आईच होती. मी हात मांडीखाली दाबून धरले होते. आणि मग ती वाक्यं आली आणि त्याचा आवाज बसला. तो पुटपुटायला लागला. मला फक्त ‘उद्या’ ऐकू आलं आणि शेवटी ‘गाळू नकोस’ असं काहीतरी. बाकी नुसते ओठ.

बुटके, मी मान डोलावली. सगळं कळल्यासारखी. त्याच्या तोंडावर जे काही आलं ते तू बघायला हवं होतंस. इतक्या वर्षांचं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाला, पुन्हा उचल, मला दिसलं नाही, असं कसं म्हणायचं? त्याने डोळे मिटले, माझा हात धरला आणि झोपून गेला. दुसऱ्या दिवशी विचारीन म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तो इतका खुशीत होता की माझी हिंमत झाली नाही.

मी बहिरी आहे, तू नाहीस. आणि आपल्या घराची दारं किती जाड आहेत ते मला ठाऊक आहे. तू ऐकलं असशील. लिहून पाठव. त्याला काही कळता कामा नये.

आत्या


२७ जानेवारी

प्रिय आत्या,

ऐकलं. दार लावलं होतं, पण बाबा तुझ्या कानासाठी सुरुवातीला इतक्या खणखणीत आवाजात बोलत होते की खालच्या बाईंनी टीव्ही बंद केला. शेवटी आवाज बसला तेव्हा मी दाराला कान लावला. बाबा म्हणाले होते की ते तुझं आहे, माझं नाही, तरी लावला. ते असं म्हणाले:

“मी आईला म्हटलं, तिला बोलावून घेतो, नाटक बंद करायला सांगतो. आई म्हणाली, नको रे. ती तिकडे रोज संध्याकाळी कुणाच्या तरी मरणाची बातमी ऐकते. एका संध्याकाळी दोन नकोत तिला. आज तिला नाटक करू दे, उद्या सांग. पण सांगशील तेव्हा सगळं सांग, काही गाळू नकोस. तिला अर्धवट सांगितलेलं आवडत नाही.”

एवढंच. मी एक शब्द पदरचा घातलेला नाही. ती कुठवर आली असेल हे आजीने विचारलं होतं ते खरं, पण ते वाट बघणं नव्हतं, आत्या. बाबांनी त्यातच सांगितलं की आजीला तुझं नाटक पाठ होतं. घड्याळाकडे बघून ती विचारत होती की राणी आता कुठल्या अंकात असेल.

आता माझं, तू इथे असताना सांगायचं राहिलं ते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी जेवणाआधी मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “कधीपासून माहीत आहे?” मी म्हटलं, काच मीच लावली. ते म्हणाले, “म्हणजे मी त्या गोळ्या उगाच पुस्तकांमागे ठेवत होतो. वाकायला किती त्रास होतो.” मग मी रडले. त्यांनी रडू दिलं. उठताना म्हणाले, “आता मला राजासाठी दुसरं मरण शोधायला हवं, चांगलं लिहिलेलं वाया घालवलंस.”

शनिवारी प्रयोग झाला. बाबा घरातल्या सपातांवरच आले, पाय सुजल्यामुळे बूट चढेनात. मी पायांकडे बघितलं. या वेळी पाय कुठे ठेवावेत ते त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांनी एका राजाचं साधंसं मरण सांगितलं. जाण्याआधी राजाने घोड्यांना पाणी दाखवलं का ते विचारलं, हसला, कुणाला तरी शिव्या दिल्या. त्यात आमचं काहीही नव्हतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. हात वर करावासा वाटला नाही. पहारेकरी पहिल्यांदाच जागा होता.

तुझी
बुटकी


५ फेब्रुवारी

बुटके,

पत्र मिळालं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, वहिनीला वाटलं दुसराही कान गेला.

राणी कुठल्या अंकात असेल. हे मी इतकी वर्षं उलटं धरून बसले होते. आई मला हाक मारत होती असं वाटायचं आणि ती माझं नाटक बघत होती.

धाकट्याला मी वेगळं लिहिलं आहे. ते तू वाचायचं नाहीस, दाराला कान लावलास तसं.

तुझ्याकडे एक मागणं आहे. ती वेळ येईल तेव्हा फोन मुलाच्या हातात पडेल आणि तो मला ‘मामा गेले’ एवढं सांगेल. ते ठीक. पण नंतर तू मला लिहायचंस, आणि त्यात तो शब्द मला नको. शांतपणे गेला असेल तर कसा शांतपणे ते लिही. नसेल गेला तर तेही लिही. माझी काळजी करून काही गाळलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही. मला ऐकता येतं. निदान ते काम तरी मला येतं.

आत्या


१६ मार्च

प्रिय आत्या,

मंगळवारी तुझ्या मुलाला फोन केला तेव्हा तू मागून “तिला म्हणावं लिही” असं ओरडलीस ते मला ऐकू आलं. तुला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लिहितेय.

बाबा शांतपणे गेले नाहीत.

सोमवारी दिवसभर बरे होते. तुझं पत्र उशीखाली होतं, ते त्यांनी मला वाचायला दिलं नाही, पण दोनदा स्वतः वाचलं आणि एकदा हसले. संध्याकाळी श्वास लागायला लागला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, खाली मान घालून बसले. बाबांना कळलं. ते घाबरले, आत्या. मी त्यांना असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं इतकी मरणं लिहिली, पण त्यातलं एकही त्यांच्या उपयोगी पडलं नाही. म्हणाले, “मला नाही जायचं.” असं तीन-चारदा म्हणाले. मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही.

मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाले, “आक्का आली का?” मी म्हटलं, निघाली आहे. खोटं बोलले. जरा वेळाने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, पोचेलच. तेव्हा ते थोडे निवांत झाले. हे गाळावं असं खूप वाटलं. तू येत नव्हतीस आणि ते तुझी वाट बघत होते, हे तुला कसं लिहायचं? पण लिहिलं.

त्यानंतर विशेष बोलले नाहीत. एकदा पाणी मागितलं, प्यायले नाहीत. पहाटे श्वास लांब लांब येऊ लागला, मध्ये इतकं अंतर पडायचं की मी आणि डॉक्टर एकमेकांकडे बघायचो. शेवटचा कोणता ते कळलंच नाही. पुढचा येईल म्हणून आम्ही थांबलो होतो, तो आला नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं होतं, अगदी घाबरल्यापासून. नंतर बोटं सोडवायला डॉक्टरांना मदत करावी लागली. तिथे वळ उठला आहे. काल जांभळा होता, आज कडेने पिवळा पडायला लागलाय, आणखी चार-सहा दिवसांत जाईल, हे मला कामामुळे माहीत आहे. तू येशील तोवर तो राहणार नाही. म्हणून सांगते. अंगठा आतल्या बाजूला आहे, जिथे नाडी लागते तिथे. बाहेरच्या बाजूला चार बोटं, त्यातलं करंगळीचं सगळ्यांत पुसट. पकड डाव्या हाताची होती, कारण उजव्या हातात तुझं पत्र होतं.

तुझी
बुटकी